सर्व रंगांशी इमान राखणारी चकती

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे तापीकाठच्या गावांतून उसाने भरलेली वाहने तिकडे वळू लागतात. कोणत्याही साखर कारखान्यात पाहुणा गेला, की त्याचे लक्ष प्रथम चरकांच्या अजस्र लाटांकडे व उकळत्या रसाच्या कढयांकडे जाते. ह्या सगळ्या धामधुमीपासून थोड्या अंतरावर असलेल्या प्रयोगशाळेत एक शांत उपकरण असते. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. उसातून किती साखर निघणार, याचा हिशेब त्या उपकरणापासून सुरू होतो. आणि उसाचा भाव साखरेच्या उताऱ्याशी निगडित असल्यामुळे शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

ह्या उपकरणास पोलॅरिमीटर म्हणतात. निवळ केलेला उसाचा रस एका काचेच्या नळीत भरावयाचा, नळीतून विशिष्ट प्रकारे चाळलेला प्रकाश सोडावयाचा, आणि नळीतून बाहेर पडताना त्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती अंशांनी वळली, हे मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. साखर जितकी अधिक, तितके हे वळण अधिक. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन तिचा शंभर मिलिलिटर द्राव केला, तो वीस सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरला व वीस अंश उष्णतामानावर सोडिअमच्या पिवळ्या प्रकाशात पाहिला, तर हे वळण ३४.६ अंश भरते. तीच नळी पाऱ्याच्या दिव्याच्या हिरव्या प्रकाशात पाहावी, तर ४०.८ अंश, आणि लेसरच्या ६३३ नॅनोमीटर लांबीच्या तांबड्या प्रकाशात पाहावी, तर २९.८ अंश. साखर तीच, नळी तीच, परंतु तीन रंगांच्या तीन साक्षी वेगवेगळ्या! पांढऱ्या प्रकाशात तर सारेच रंग एकदम बोलू लागतात आणि कोणाचे ऐकावे हेच कळेनासे होते.

जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी ह्या अडचणीतून काढलेला मार्ग मोठा चतुर होता. क्वार्ट्‌झ म्हणजे आपली शुद्ध गारगोटी. हा स्फटिकही प्रकाशाचे कंपन वळवितो. त्याचे काही खडे उजवीकडे वळविणारे, तर काही डावीकडे वळविणारे असतात. निरनिराळ्या रंगांना वळविण्याचे क्वार्ट्‌झचे प्रमाण व साखरेचे प्रमाण ही दोन्ही जवळजवळ एकसारखी आहेत. म्हणून साखरेने उजवीकडे वळविलेला प्रकाश डावखुऱ्या क्वार्ट्‌झच्या पाचरीने परत सरळ केला, तर तो एका रंगात नव्हे, बहुतेक सर्व रंगांत एकदमच सरळ होतो. पाचर किती जाड घ्यावी लागली, यावरून साखरेचे प्रमाण कळते. जांभळ्या-निळ्या टोकाला थोडीशी तफावत उरते, ती पोटॅशिअम डायक्रोमेटच्या पिवळ्या द्रावाची गाळणी लावून काढून टाकीत. अशा पाचरीच्या उपकरणांवर साखरधंद्याने कित्येक दशके आपला हिशेब चालविला. आताची स्वयंचलित उपकरणे एकाच रंगाचा प्रकाश वापरून हा प्रश्न मुळातच टाळतात.

साखरेला असा जुळता जोडीदार निसर्गानेच दिला, हा निव्वळ योगायोग म्हणावा लागेल. प्रकाशशास्त्रातील दुसऱ्या एका अत्यंत उपयोगी साधनास असा जोडीदार मिळाला नाही. त्याचा रंगदोष घालविण्याची एक युक्ती बंगळूर येथे एका एकवीस वर्षांच्या तरुणाने १९५५ साली शोधून काढली, आणि पुढे दूरदूरच्या वेधशाळांनी ती उचलली. ते साधन म्हणजे तरंग-पट्टिका, किंवा साध्या भाषेत लहरीची चकती.

ही चकती काय करते, हे समजण्यास ध्रुवित प्रकाश म्हणजे काय ते थोडे पाहावे लागेल. विहिरीच्या दोराचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हाताने हलविले, तर दोरावरून लाट पुढे धावते. पण दोराचा प्रत्येक भाग मात्र आडव्या दिशेने हलत असतो, वरखाली अथवा डावीउजवीकडे. प्रकाशाची लहरही अशीच आडवी कंप पावते. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात ही कंपने सर्व दिशांनी सरमिसळ झालेली असतात. त्यांतून एकाच दिशेची कंपने निवडून घेतली, की तो प्रकाश ध्रुवित झाला.

काही स्फटिकांत अशा प्रकाशाची मोठी गंमत होते. १६६९ साली डेन्मार्कमधील बार्थोलिन ह्या पंडिताने आइसलंडातून आलेला कॅल्साइटचा पारदर्शक खडा कागदावर ठेवला, तेव्हा त्याला एका रेघेच्या दोन रेघा दिसल्या. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतही कॅल्साइट सापडतो, तेव्हा हा चमत्कार पाहण्यास आइसलंड गाठण्याची गरज नाही. ह्याचे कारण असे, की स्फटिकात शिरताच प्रकाशाची परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन कंपनांत फाळणी होते आणि त्या दोघांची चाल वेगवेगळी असते. एकाच जुवास जुंपलेली बैलजोडी बरोबरीने निघावी, पण एका बैलाच्या वाटेस काळी चिकण माती यावी व तो पाऊलभर मागे पडावा, तसे हे होते. स्फटिक जितका जाड, तितके हे मागे पडणे अधिक.

आता श्रोत्यांनी अशी कल्पना करावी, की स्फटिकाची चकती इतकी बेताची कापली आहे की तीतून बाहेर पडताना एक कंपन दुसऱ्याच्या मागे बरोबर पाव लहर राहील. दोन्ही कंपने सारख्या जोराची असली, तर बाहेर आल्यावर त्यांचा संयोग सरळ रेषेत हलत नाही, तो चक्राकार फिरू लागतो. ही पाव लहरीची चकती. मागे पडणे अर्ध्या लहरीचे असेल, तर कंपन सरळच राहते, मात्र त्याची दिशा चकतीच्या अक्षाच्या पलीकडे आरशातल्याप्रमाणे उलटते. म्हणून चकती दहा अंश फिरविली, की कंपन वीस अंश फिरते. पूर्ण एक लहर म्हणजे ३६० अंश धरले, तर पाव लहर ९० अंश आणि अर्धी लहर १८० अंश. पुढील हिशेबात ही अंशांची भाषा सोयीची पडते.

क्वार्ट्‌झमध्ये दोन कंपनांच्या वक्रीभवनांकांत फरक केवळ ०.००९ इतका असतो. तरीही पिवळ्या प्रकाशासाठी पाव लहरीची चकती अवघी सोळा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी पातळ करावी लागते. इतका पातळ क्वार्ट्‌झ घासणे जिकिरीचे, म्हणून जुन्या काळी अभ्रकाचे पापुद्रे सोडवून त्यांतून हव्या त्या जाडीचा निवडून घेत. क्वार्ट्‌झच्याच दोन जाड चकत्या, जाडीत किंचित फरक ठेवून, एकमेकींवर आडव्या बसविण्याचाही प्रघात आहे. पहिलीने केलेले बहुतेक दुसरी पुसून टाकते व हवा तेवढाच फरक शिल्लक राहतो.

अडचण येते ती रंगाची. चकतीची जाडी एकच, पण रंगागणिक लहरीची लांबी निराळी. हिरव्या प्रकाशाच्या ५५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीसाठी कापलेली पाव लहरीची चकती ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या लहरीला ९० ऐवजी सुमारे १२४ अंश मागे पाडते, आणि ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या लहरीला केवळ ७१ अंश. म्हणजे जी चकती हिरव्यासाठी पाव लहरीची, ती जांभळ्यासाठी एक तृतीयांशाहून मोठी आणि तांबड्यासाठी एक पंचमांशापेक्षाही लहान ठरते. एका रंगाशी प्रामाणिक, बाकीच्यांशी नाही.

हा दोष सर्वत्र दोषच असतो असे नव्हे. नंदुरबार-धुळे भागात माळावरून मैलोगणती धावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या मानवनिर्मित तटासारख्या वाटल्याशिवाय राहात नाहीत. जमिनीच्या भेगांतून वर चढलेला लाव्हारस तेथेच गोठून ह्या भित्ती बनल्या. मुंबईच्या आय. आय. टी. मधील भूशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दोनशेहून अधिक भित्तींची नोंद आहे. अशा दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची कापटी करून ती दोन ध्रुवकांच्या मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरली, म्हणजे तो काळा दगड रंगांनी फुलून येतो. फेल्स्पारच्या काड्या करड्या-पांढऱ्या, तर पायरॉक्सिनचे कण निळे, नारिंगी, हिरवे दिसतात. हे रंग त्या खनिजांचे नव्हेत. प्रत्येक कण ही एक निसर्गनिर्मित तरंग-पट्टिकाच असून ती निरनिराळ्या रंगांना निरनिराळी मागे पाडते, म्हणून ते उमटतात. भूशास्त्रज्ञ मुद्दाम जिप्समची एक लहरीची चकती मध्ये सरकवितो. तीतून हिरवा रंग लोप पावून किरमिजी छटा उरते, आणि मागे पडण्यात अत्यल्प भर पडली की ती निळी व घट झाली की पिवळी होते. येथे चकती रंगांत भेद करते, हाच तिचा गुण.

परंतु जेथे सर्व रंगांचे माप एकाच तराजूने व्हावयाचे असते, तेथे तीच गोष्ट मारक ठरते. त्यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. फ्रान्समधील फ्रेनेल ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेचा एक तिरपा ठोकळा बनविला. त्याच्या आतल्या पृष्ठांवरून प्रकाश दोनदा परावर्तित होतो आणि प्रत्येक वेळी एक कंपन ४५ अंश मागे पडते. मिळून ९० अंश, आणि हे जवळजवळ सर्व रंगांना सारखेच. उपाय उत्तम, पण ठोकळा लांबट, आणि प्रकाश त्यातून शिरला त्या रेषेत बाहेर न पडता बाजूला सरकून पडतो. ठोकळा फिरविला, तर प्रतिमाही घाण्याच्या बैलाप्रमाणे गोल फिरू लागते. दुर्बिणीच्या मागे हे चालत नाही.

दुसरा उपाय भिंगांच्या कारागिरांकडून उचललेला. दोन जातींच्या काचा जोडून रंगदोष नसलेले भिंग करतात, त्याप्रमाणे क्वार्ट्‌झ व मॅग्नेशिअम फ्लोराइड अशा दोन स्फटिकांच्या चकत्या एकमेकींवर आडव्या जोडावयाच्या. एकीचा रंगदोष दुसरी बरीचशी झाकते. अशा जोडीने दोन ठिकाणचे रंग नेमके साधतात व मधले पुष्कळसे जवळ येतात. दृश्य प्रकाशासाठी ही जोडी चांगली आहे, परंतु पट्टा याहून रुंद हवा असेल, तर ती अपुरी पडते.

शिवरामकृष्ण पंचरत्नम यांचा जन्म १९३४ साली कलकत्त्यास झाला. सर चंद्रशेखर वेंकट रमण हे त्यांचे मामा. शास्त्रव्यासंग घरातच होता. त्यांचे बंधू रामशेषन् व चंद्रशेखर हे दोघेही नामांकित शास्त्रज्ञ झाले. रमण यांनी बंगळूर येथे १९४८ साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत पंचरत्नम दाखल झाले, ते विशीत पाऊल टाकण्याच्या सुमारास. रमण यांना रत्नांचा व स्फटिकांचा विलक्षण छंद. त्यांच्या सान्निध्यात ह्या तरुणाने ॲमेथिस्टसारख्या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांचा अभ्यास आरंभिला, आणि तो करताना ध्रुवित प्रकाशाच्या गणिताची एक जुनी पण फारशी वापरात नसलेली युक्ती त्यांनी हाती घेतली.

ही युक्ती फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे याने १८९२ साली मांडली होती. ध्रुवित प्रकाशाची प्रत्येक अवस्था एका गोलावरील एका बिंदूने दाखवावयाची. विषुववृत्तावर सरळ कंपने; उत्तर व दक्षिण ध्रुवांवर उजवे व डावे चक्राकार कंपन; आणि मधल्या अक्षांशांवर लंबवर्तुळाकार. आता तरंग-पट्टिका म्हणजे काय? तर त्या गोलाला विषुववृत्तातून जाणाऱ्या एका अक्षाभोवती दिलेला वळसा. चकतीने जितके अंश मागे पाडले, तितक्या अंशांचा वळसा. पाव लहरीची चकती विषुववृत्तावरील बिंदूला ९० अंश फिरवून थेट ध्रुवावर नेऊन ठेवते. रंग बदलला, की वळसा कमीअधिक होतो आणि बिंदू ध्रुवाच्या अलीकडे अडतो किंवा त्याच्या पलीकडे घसरतो. बीजगणिताच्या जंजाळात ज्याचा अर्थ हरवतो, ते अशा रीतीने डोळ्यांपुढे चित्रासारखे उभे राहते.

पंचरत्नम यांनी असा विचार केला, की एका वळशाऐवजी तीन वळसे देऊन पाहावे. तिन्ही चकत्या एकाच पदार्थाच्या. म्हणजे दोन भिन्न स्फटिकांचा मेळ घालण्याची यातायात नको. पहिली व तिसरी अगदी सारखी आणि त्यांचे अक्ष एकाच दिशेने. मधली अर्ध्या लहरीची, पण तिचा अक्ष कलता. आता रंग बदलला, तर तिन्ही वळसे एकाच प्रमाणात वाढणार किंवा घटणार. मात्र वळशांची फलनिष्पत्ती त्यांच्या साध्या बेरजेइतकी नसते. मधला अक्ष किती कलला आहे, त्यावर ती अवलंबून असते. मग तो कल असा निवडता येईल का, की बाहेरच्या दोघींची चूक मधलीच्या चुकीची भरपाई करील?

येईल, हे त्यांनी दाखविले. १९५५ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये त्यांचे यासंबंधी दोन लहान निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला पांढऱ्या प्रकाशाचे सर्वच रंग चक्राकार ध्रुवित करणाऱ्या संयोगाविषयी, आणि दुसरा सर्व रंगांना लागू पडणाऱ्या पाव लहरीच्या चकतीविषयी. दुसऱ्या निबंधातील कृती ऐकावयास विचित्र वाटते. बाहेरील दोन्ही चकत्या प्रत्येकी ११५.५ अंश मागे पाडणाऱ्या, मधली १८० अंशांची, आणि मधलीचा अक्ष बाहेरच्यांशी ७०.५ अंशांनी कलता. तिघींपैकी एकही पाव लहरीची नाही, पण तिघी मिळून पाव लहर होते; आणि ह्या संयुक्त चकतीचा अक्षही पहिलीच्या अक्षापासून सुमारे ३१ अंशांवर, म्हणजे तिघींपैकी एकीच्याही अक्षाशी न जुळणारा असा पडतो.

हा हिशेब कसा जुळतो, ते कोणाही त्रिकोणमिती येणाऱ्यास तपासून पाहता येते. ७०.५ ची दुप्पट १४१ अंश. त्याची कोज्या उणे ०.७८. बाहेरील चकतीच्या ११५.५ अंशांना तिने गुणिले, की उत्तर उणे ९० येते. मधल्या चकतीच्या १८० अंशांचे निम्मे म्हणजे अधिक ९०. दोहोंची बेरीज शून्य. रंग थोडासा इकडेतिकडे सरकला, की एका बाजूने जितके वाढते, तितकेच दुसऱ्या बाजूने घटते, हा त्या शून्याचा अर्थ होय.

प्रत्यक्ष आकडे घेतले, तर लाभ किती, ते ध्यानात येते. ५५० नॅनोमीटरसाठी बनविलेली एकच चकती ४५८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात १०८ अंश देते, आणि ६८७ नॅनोमीटरच्या तांबड्यात ७२ अंश. चूक अठरा-अठरा अंशांची. पंचरत्नम यांच्या तीन चकत्या त्याच निळ्यात सुमारे ८८ अंश आणि त्याच तांबड्यात सुमारे ८७ अंश देतात. अठरा अंशांची चूक तीन अंशांवर आली. ह्यात कोणताही नवा पदार्थ नाही, नवे यंत्र नाही. केवळ कोन योग्य निवडले आहेत.

अर्थात ह्या युक्तीला आपली किंमत आहेच. रंग बदलला, की संयुक्त चकतीचा अक्ष स्वतःच अंशभर इकडेतिकडे हलतो. ९० अंश जवळजवळ साधले, तरी कंपनाची दिशा किंचित चुकते. तीन चकत्या चिकटविताना कोनात झालेली लहानशी चूकही पुढे दिसून येते. सहा पृष्ठांवरून प्रकाश परतू नये, म्हणून लेप अथवा योग्य डिंक हवा. आणि उष्णतामान बदलले, की चकत्या व डिंक वेगवेगळे प्रसरण पावतात. उपकरण बांधणाऱ्याचे निम्मे आयुष्य अशाच गोष्टींशी झगडण्यात जाते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे सारे कष्ट कशासाठी? त्याचे उत्तर आकाशाकडे पाहिल्यावर मिळते. १९४९ साली अमेरिकेतील हॉल व हिल्टनर ह्या ज्योतिर्विदांनी असे प्रसिद्ध केले, की दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवित होऊन आपल्यापर्यंत येतो. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात धुळीचे लांबट कण तरंगत असतात. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रामुळे ते एका दिशेने रांगेत लागतात आणि त्यांतून येणारा प्रकाश चाळला जातो. हे ध्रुवण फार अल्प, बहुधा एक-दोन टक्के. पण त्यावरून न दिसणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वाचता येते.

आणखी पुढची गोष्ट अशी, की हे ध्रुवण सर्व रंगांत सारखे नसते. हिरव्या-पिवळ्याच्या आसपास ते अधिकतम होऊन दोन्ही बाजूंस उतरते. आणि हा चढ नेमका कोठे येतो, त्यावरून धुळीच्या कणांचा आकार ताडता येतो. पोलिश ज्योतिर्विद क्शिश्टोफ सेर्कोव्स्की यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मोजणारी चकतीच जर रंगागणिक निरनिराळे बोलू लागली, तर धुळीचा गुण कोणता आणि चकतीचा दोष कोणता, हे ओळखावे कसे? साधी अर्ध्या लहरीची चकती मघाच्याच निळ्या प्रकाशात १८० ऐवजी २१६ अंश देते, आणि एवढ्यानेच मोजलेले ध्रुवण खऱ्यापेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी भरते. धुळीचा कण मोठा की लहान, हा निर्णय अशा चुकीवर फिरू शकतो. स्वतः सेर्कोव्स्की यांनी १९७० नंतरच्या दशकात क्वार्ट्‌झ-मॅग्नेशिअम फ्लोराइडच्या तीन जोड्या पंचरत्नम यांच्या रीतीने एकमेकींशी कलत्या बसवून, म्हणजे एकंदर सहा चकत्यांची, अर्ध्या लहरीची चकती वापरात आणली. जंबुपार किरणांपासून अवरक्तापर्यंत, सुमारे ३०० ते ११०० नॅनोमीटर एवढ्या रुंद पट्ट्यात ती आपले माप सांभाळते. दोन्ही उपाय एकत्र केल्याचे हे फळ.

महाराष्ट्रात ह्या विद्येचे घर पुण्यास आहे. जयंत नारळीकर ज्या संस्थेचे पहिले संचालक होते, त्या १९८८ साली स्थापन झालेल्या आयुकामध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण मोजणारे एक प्रतिमा-ध्रुवणमापक बांधण्यात आले. त्याचे वर्णन रामप्रकाश, गुप्ता, सेन व टंडन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. अबूच्या पहाडावरील गुरुशिखर येथील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीस ते लावून काळ्या मेघांमागील ताऱ्यांचे वेध घेण्यात आले. त्याच्या अंतरंगात दोन गोष्टी मुख्य: एक फिरती अर्ध्या लहरीची चकती आणि तिच्यामागे एका ताऱ्याच्या दोन प्रतिमा पाडणारा वोलास्टनचा लोलक. चकती ०, २२.५, ४५ व ६७.५ अंशांवर थांबवावयाची. कंपन दुपटीने, म्हणजे ०, ४५, ९० व १३५ अंश फिरते. प्रत्येक वेळी दोन प्रतिमांच्या तेजाची तुलना करावयाची. शंभरात अर्धा-एक भाग इतका तो फरक असतो, आणि सारी भिस्त चकतीवर! जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून सुरू झाली, आणि तिच्या मुख्य उपकरणातही ध्रुवण मोजण्याची अशीच सोय करण्यात आली.

पंचरत्नम यांची रीत दृश्य प्रकाशापुरतीही राहिलेली नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या सूक्ष्मलहरींचे ध्रुवण मोजणाऱ्यांनी ती मिलिमीटर लांबीच्या लहरींसाठी घेतली. तेथे चकत्या सफायरच्या, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या, असतात व त्यांची जाडी मायक्रॉनांत नव्हे, मिलिमीटरांत मोजतात. अंटार्क्टिकावरून फुग्याने उडविलेल्या एबेक्स ह्या दुर्बिणीत पाच चकत्यांचा थर होता. चिलीच्या आटाकामा वाळवंटातील सायमन्स वेधशाळेच्या लहान दुर्बिणींत तीन चकत्यांचा थर अतिशीत अवस्थेत अखंड फिरत ठेवतात. लहर हजारपट लांब झाली, पदार्थ बदलला, परंतु कलत्या मधल्या चकतीचे भूमितीशास्त्र तेच.

१९५६ साली पंचरत्नम यांनी त्याच गोलाच्या साहाय्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. प्रकाशाची अवस्था गोलावरून फिरत फिरत मूळ बिंदूवर परत आली, तरी प्रकाश अगदी पूर्ववत होत नाही; त्या फेऱ्याने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या निम्म्याइतका एक कलाभेद त्यात शिल्लक राहतो. त्या काळी ह्या निष्कर्षाची दखल फारशी कोणी घेतली नाही. १९८४ साली इंग्लंडमध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत असाच कलाभेद मांडला आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. मग १९८६ साली बंगळुरातून रामशेषन् व राजाराम नित्यानंद यांनी लिहून दाखविले, की तीस वर्षांपूर्वीच्या पंचरत्नम यांच्या निबंधात हे होतेच. आणि दुसऱ्याच वर्षी स्वतः बेरी यांनी त्या निबंधाचे महत्त्व सविस्तर वर्णिले. हेच नित्यानंद पुढे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.

पंचरत्नम यांना ह्यांतील काहीच पाहावयास मिळाले नाही. म्हैसूरच्या विद्यापीठात काही काळ शिकवून ते १९६४ साली ऑक्सफर्डला गेले, आणि तेथे जॉर्ज सीरीज यांच्याबरोबर अणूंवरील प्रकाशाच्या परिणामांविषयी संशोधन करू लागले. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. २८ मे १९६९ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ऑक्सफर्ड येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे सारे लेख सीरीज यांनी संपादून १९७५ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाकडून एका ग्रंथात प्रसिद्ध केले.